भट्टी, पंप आणि पदवी : कोल्हापूर भागातले विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण

विद्युत अभियांत्रिकी आणि इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकी या एकाच शास्त्रातून निघालेल्या दोन शाखा आहेत. विजेकडून कोणते काम करून घ्यायचे, यावरून त्या वेगळ्या होतात. विद्युत शाखेत वीज ही ऊर्जा असते. ती धरणाच्या पायथ्याशी किंवा कोळशाच्या केंद्रात तयार करायची, शेकडो किलोमीटर वाहून न्यायची आणि शेवटी मोटार फिरवायला, धातू वितळवायला किंवा घर उजळायला वापरायची. इलेक्ट्रॉनिक्स शाखेत त्याच विजेच्या बारीक चढउतारांचा उपयोग निरोप वाहण्यासाठी, मोजमापासाठी आणि दुसऱ्या यंत्राला हुकूम देण्यासाठी होतो. एकीकडे हिशेब किलोवॅट आणि मेगावॅटचा, तर दुसरीकडे मिलिवॅटचा आणि त्याहूनही लहान एककांचा.

ही वाटणी पूर्वी जितकी पक्की होती तितकी आता राहिलेली नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस थायरिस्टर नावाचा अर्धवाहक घटक बाजारात आला आणि शेकडो अँपिअरचा प्रवाह एका इवल्याशा संकेताने चालू करता येऊ लागला. तेव्हापासून दोन्ही शाखा एकमेकींत शिरत गेल्या. याचे उत्तम उदाहरण बघायला कोल्हापूरकराला लांब जावे लागत नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींतल्या फाउंड्र्यांमध्ये मोटारी, ट्रॅक्टर, इंजिने आणि पंपांसाठी लोखंडाचे सुटे भाग ओतले जातात. तिथली इंडक्शन भट्टी हे या दोन्ही शाखांचे सामाईक यंत्र आहे.

या भट्टीत जाळ नसतो. महावितरणकडून आलेली उच्चदाबाची वीज ट्रान्सफॉर्मरमधून उतरवून घेतात. सेकंदाला ५० आवर्तने करणाऱ्या या प्रत्यावर्ती प्रवाहाचे आधी एकदिश प्रवाहात रूपांतर होते आणि मग इन्व्हर्टर त्यापासून सेकंदाला काही शे आवर्तने करणारा नवा प्रवाह बनवतो. हा प्रवाह आतून पाणी खेळवलेल्या तांब्याच्या वेटोळ्यातून फिरतो. वेटोळ्याच्या आतल्या भांड्यात भंगार लोखंड असते. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे त्या लोखंडातच भोवरप्रवाह उठतात, आणि लोखंड स्वतःच्याच रोधामुळे तापून वितळते. एक टन लोखंड वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट वीज लागते. यातले उपकेंद्र आणि ट्रान्सफॉर्मर विद्युत अभियंत्याचे. इन्व्हर्टरला क्षणाक्षणाला संकेत देणारी कार्डे इलेक्ट्रॉनिक्सवाल्याची. आणि भांड्यातल्या धातूच्या प्रमाणानुसार वारंवारता बदलत ठेवण्याची युक्ती नियंत्रणशास्त्राची. एकाच शाखेपुरते शिकलेला पदवीधर या भट्टीसमोर अर्ध्याच ज्ञानावर उभा असतो. या भागात हे शिक्षण कसे मिळते आणि कसे मिळायला हवे, याचा विचार इथूनच सुरू करणे योग्य ठरेल.

भारतात या विषयाचे उच्च शिक्षण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुजू लागले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९११ साली जे पहिले विभाग उघडले, त्यांत विद्युत तंत्रज्ञानाचा विभाग होता. खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्यांना सह्याद्रीच्या पाण्यावरची वीज मिळू लागली. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरीच्या धरणाचे काम हाती घेतले. ते पुरे व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला आणि धरणाबरोबर तिथे वीजघरही उभे राहिले. वीज आली, कारखाने आले, पण ती वीज समजून घेणारा अभियंता इथेच घडवण्याची सोय मात्र बरीच उशिरा झाली.

दक्षिण महाराष्ट्राला पहिला आधार मिळाला तो सांगलीत. धोंडूमामा साठे यांनी १९४७ मध्ये तिथे सुरू केलेले न्यू इंजिनिअरिंग कॉलेज पुढे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. १९६० मध्ये कराडला शासकीय महाविद्यालय निघाले. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली आणि सांगली, सातारा, कोल्हापूरच्या महाविद्यालयांना जवळचे विद्यापीठ मिळाले. तरीही कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुलापुढे अनेक वर्षे दोनच रस्ते होते : शासकीय तंत्रनिकेतनातली पदविका घ्यायची, नाहीतर पदवीसाठी सांगली, कराड, पुणे किंवा मुंबई गाठायची. १९८३ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि चित्र पालटले. गोकुळ शिरगावचे केआयटी, वारणानगरचे तात्यासाहेब कोरे महाविद्यालय आणि इस्लामपूरजवळचे राजारामबापू महाविद्यालय ही तिन्ही त्याच वर्षीची. कसबा बावड्याचे डी. वाय. पाटील महाविद्यालय त्यानंतर वर्षभराने आले. इचलकरंजीची डीकेटीई संस्था वस्त्रोद्योगाच्या शिक्षणातून सुरू झाली आणि पुढे तिने इलेक्ट्रॉनिक्सलाही जागा दिली. साखर आणि सूत यांच्या सहकारातून उभे राहिलेले नेतृत्वच यांतल्या काही शिक्षणसंस्थांमागे होते, हे या भागाचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल. शेतकऱ्याच्या घरातला पहिला अभियंता बहुधा याच पिढीतल्या महाविद्यालयांतून बाहेर पडला.

आज यांतली काही महाविद्यालये स्वायत्त आहेत. ती आपला अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतात, पदवी मात्र विद्यापीठ देते. राज्यातली बरीच महाविद्यालये लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी जोडली गेली आहेत. अतिग्रे येथे संजय घोडावत विद्यापीठ हे खासगी विद्यापीठ आहे. शिवाजी विद्यापीठाच्या आवारातला तंत्रज्ञान विभागही बी.टेक. पदवी देतो. ज्याला अभियांत्रिकीपेक्षा विज्ञानाच्या वाटेने जायचे आहे, त्याला बी.एस्सी. करून विद्यापीठाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागात एम.एस्सी. करता येते. अभियांत्रिकीच्या गलबल्यात हा चांगला मार्ग अनेकांच्या लक्षातही येत नाही.

प्रवेशाची पद्धत पालकांना वाटते तितकी अवघड नाही. बारावी विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र आणि गणित हवे. खुल्या प्रवर्गाला ठरलेल्या विषयांत ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गांना ४० टक्के गुण आवश्यक असतात. राज्याची सामाईक परीक्षा, म्हणजे एमएचटी-सीईटी, २०० गुणांची असते. त्यांतले १०० गुण एकट्या गणिताचे, आणि भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५०. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. पर्सेंटाइल लागले की केंद्रीभूत प्रवेश फेऱ्या सुरू होतात. दुसरी वाट दहावीनंतरची : तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका करून थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश. गावाकडच्या मुलांना ही वाट अनेकदा अधिक मानवते. अशा मुलांचा हात यंत्रावर आधीच बसलेला असतो. गणित मात्र त्यांना जोर लावून भरून काढावे लागते.

शाखा निवडताना मात्र एक सवय घातक ठरते. मागच्या वर्षी कोणती शाखा किती पर्सेंटाइलला बंद झाली याची उतरंड डोळ्यांसमोर ठेवली जाते. संगणक वरती, त्याखाली जिला सगळे ईएनटीसी म्हणतात ती इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार शाखा, आणि त्याखाली इलेक्ट्रिकल. गेल्या काही वर्षांत महाविद्यालयांनी संगणक शाखांच्या जागा वाढवल्यावर ही उतरंड आणखी ठळक झाली. पण पर्सेंटाइल मागणी दाखवते. मुलाला चुंबकीय क्षेत्र आवडते की संकेत आवडतात, हे त्यावरून कळत नाही. ज्याला गणित नकोसे वाटते त्याने या दोन्ही शाखांपासून दूर राहिलेले बरे, कारण चार वर्षांचा सगळा अभ्यास गणितावरच उभा असतो.

पहिले वर्ष सर्व शाखांना जवळपास सारखे असते. गणित, भौतिकशास्त्र, प्रोग्रॅमिंग, अभियांत्रिकी आरेखन, कार्यशाळा आणि विद्युतचे प्राथमिक धडे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची खरी परीक्षा इथे होते. शिक्षक वर्गात मराठीत समजावतात, फळ्यावर आणि उत्तरपत्रिकेत मात्र इंग्रजी असते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली. त्याचा लाभ अजून मोजक्याच ठिकाणी मिळतो. पहिल्या सत्रात एखाद-दुसरा विषय राहून केटी लागली म्हणून कोणी खचून जाऊ नये. भाषेची अडचण बहुतेकांची वर्षभरात दूर होते, आणि मग गणितातली खरी अडचण कुठे आहे ते स्पष्ट दिसते.

हे गणित कशासाठी, याचे उत्तर कारखान्याच्या वीजबिलात सापडते. प्रत्यावर्ती प्रवाहात व्होल्टेज आणि प्रवाह दोन्ही लाटेसारखे वरखाली होतात. मोटारीसारख्या वेटोळे असलेल्या यंत्रात प्रवाहाची लाट व्होल्टेजच्या लाटेच्या थोडी मागे राहते. या मागे राहण्याचा कोन जितका मोठा, तितका प्रवाहाचा मोठा भाग काम न करता नुसता ये-जा करतो. समजा, एखाद्या कारखान्याला प्रत्यक्षात १०० किलोवॅटचे काम हवे आहे आणि त्याचा पॉवर फॅक्टर ०.८ आहे. तर त्याला १०० भागिले ०.८, म्हणजे १२५ केव्हीए इतकी क्षमता ओढून घ्यावी लागते. ४१५ व्होल्टच्या तीन फेज पुरवठ्यावर हा प्रवाह सुमारे १७४ अँपिअर होतो. पॉवर फॅक्टर १ असता तर १३९ अँपिअरमध्ये भागले असते. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून प्रवाह सव्वापट झाला की तारेतला तोटा दीडपटीहून जास्त होतो. महाराष्ट्रात २०२० पासून उच्चदाब ग्राहकांचे बिल याच केव्हीए तासांच्या मापाने होते. पॉवर फॅक्टर ढासळला की त्याचा भुर्दंड थेट बिलात उमटतो.

दोन लाटांमधल्या कोनाचा हा हिशेब त्रिकोणमितीने करायला गेले तर पानेच्या पाने भरतात. १८९३ मध्ये चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी दाखवून दिले की, प्रत्येक लाट एका संमिश्र संख्येने मांडली तर साऱ्या सर्किटची गणिते साध्या बेरीज-गुणाकारात उरकतात. अकरावीत ज्या संमिश्र संख्या निरर्थक वाटतात, त्या दुसऱ्या वर्षात विद्यार्थ्याच्या रोजच्या वापराच्या होतात. हा धागा पहिल्याच आठवड्यात जोडून दाखवणारा शिक्षक भेटला तर मुलाचे अर्धे काम झाले.

दुसऱ्या वर्षापासून शाखा वेगळ्या होतात. इलेक्ट्रिकलला परिपथ सिद्धांत, ट्रान्सफॉर्मर, एकदिश आणि प्रत्यावर्ती यंत्रे येतात. तीन फेजचे प्रवाह एकमेकांपासून १२० अंशांनी सरकलेले असले की मोटारीच्या स्थिर भागात फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होते, हे तत्त्व निकोला टेस्ला यांनी १८८८ च्या सुमारास जगापुढे ठेवले. चार ध्रुवांच्या मोटारीत ५० हर्ट्झला हे क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेते आणि मोटारीचा दंड त्याच्या थोडा मागे, साधारण १४४० फेऱ्यांनी फिरतो. हा फरक शून्य झाला तर दंडात प्रवाहच उठणार नाही आणि मोटार जोर लावणार नाही. या एका कल्पनेवर पंचगंगेच्या काठावरचे सगळे उपसा पंप चालतात.

पंपांचा विषय या भागात शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचा आहे आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यालाही तो खूप काही शिकवतो. डीपीवरचा एक फ्यूज उडाला की चालू मोटार थांबत नाही, उरलेल्या दोन फेजवर ती रेटत राहते. तेवढेच काम करायला त्या दोन तारांतला प्रवाह सुमारे पावणेदोनपट होतो, वेटोळी तापतात आणि मोटार जळते. रिवाइंडिंगच्या दुकानात येणाऱ्या मोटारींत या कारणाने जळालेल्या मोटारी नेहमीच सापडतात. असमान फेजचे गणित वर्गात अवघड वाटते. एखादी जळालेली मोटार प्रयोगशाळेत उघडून दाखवली, की कोणती वेटोळी काळी पडली आणि कोणती तशीच राहिली यावरून तेच गणित नजरेला दिसते. असा प्रयोग प्रत्येक महाविद्यालयाने करावा. त्याला खर्च जवळजवळ नाहीच.

सौर कृषिपंपांमुळे या विषयात आता इलेक्ट्रॉनिक्स शिरले आहे. पाच अश्वशक्तीच्या पंपाला साधारण पाच किलोवॅटची पॅनेल लागतात. पॅनेलमधून एकदिश प्रवाह येतो आणि ऊन कमी-जास्त होईल तसा बदलतो. ड्राइव्हमधला मायक्रोकंट्रोलर पॅनेलचे व्होल्टेज सतत थोडे वरखाली करून सर्वाधिक शक्ती कुठे मिळते ते शोधत राहतो आणि त्यापासून तीन फेजचा प्रवाह बनवतो. ढग आला की वारंवारता उतरते आणि पंप हळू फिरतो, पण लगेच बंद पडत नाही. शेतकऱ्याच्या बांधावरचे हे खोके नीट समजायचे तर मोटार, अर्धवाहक, प्रोग्रॅमिंग आणि नियंत्रणशास्त्र असे चार विषय एकत्र आणावे लागतात.

ईएनटीसीच्या वर्गात याच काळात डायोड, ट्रान्झिस्टर, ऑपरेशनल ॲम्प्लिफायर आणि डिजिटल परिपथ चाललेले असतात. ट्रान्झिस्टर १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जन्माला आला. आज बोटाच्या नखाएवढ्या चिपवर असे अब्जावधी घटक मावतात. पुढे संकेत आणि प्रणाली हा विषय येतो, आणि या शाखेचा गाभा तोच. दूरध्वनीवरचे बोलणे साधारण ३४०० हर्ट्झपर्यंतच्या लहरींत मावते. संकेतातल्या सर्वांत वरच्या वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घेतले तर मूळ संकेत जसाच्या तसा परत उभारता येतो. म्हणून सेकंदाला ८००० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला ८ बिट, असे ६४ किलोबिटचे माप दूरध्वनी यंत्रणेत रूढ झाले. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये माहितीचे माप आणि वाहिनीची मर्यादा गणिताने ठरवून दिली. मोबाइलच्या प्रत्येक नव्या पिढीला याच मर्यादेच्या जवळ जाण्यासाठी झगडावे लागते.

संकेतांच्या अभ्यासातला फूरिए हा फ्रेंच गणिती दोन्ही शाखांना सारखाच भेटतो. कोणतीही पुन्हापुन्हा येणारी लाट साध्या लाटांच्या बेरजेने मांडता येते, हे त्याने १८२२ च्या ग्रंथात सांगितले. फाउंड्रीत त्याचा अर्थ असा होतो : भट्टीत प्रवाह एकदिश करणारा सहा-स्पंदी रेक्टिफायर महावितरणच्या तारांतून शुद्ध लाट ओढत नाही, तुकड्यातुकड्याने ओढतो. त्या तुटक लाटेची फोड केली की ५० हर्ट्झबरोबर २५० आणि ३५० हर्ट्झच्या लाटाही सापडतात. पॉवर फॅक्टर सुधारायला बसवलेले कपॅसिटर या वरच्या लाटांना सहज वाट देतात, ट्रान्सफॉर्मरबरोबर त्यांचा अनुनाद जुळला तर फुटतातही. यावर उपाय दोन. कपॅसिटरसोबत योग्य मापाचा रिअ‍ॅक्टर लावायचा, किंवा बारा-स्पंदी रेक्टिफायर वापरून त्या दोन लाटा मुळातच निघू द्यायच्या नाहीत. मग उरतात त्या ५५० आणि ६५० हर्ट्झच्या दुबळ्या लाटा. तिसऱ्या वर्षाच्या पेपरात पाच गुणांना विचारला जाणारा हा प्रश्न शिरोलीच्या कारखानदाराला लाखांचा असतो.

तिसऱ्या वर्षात विद्युत शाखेकडे वीजप्रणाली, संरक्षण आणि नियंत्रण हे विषय येतात. या तिन्हींसाठी कोयना हा जवळचा आणि भव्य दाखला आहे. सातारा जिल्ह्यातल्या धरणाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून कोकणच्या बाजूला उतरवून तिथे वीज तयार केली जाते. सर्व टप्प्यांची मिळून क्षमता १९६० मेगावॅट. त्यांतल्या चौथ्या टप्प्यात २५० मेगावॅटचे चार संच आहेत. कोळशाचा संच पूर्ण भरात यायला तासन् तास लागतात. जलविद्युत संच काही मिनिटांत भार उचलतो. संध्याकाळी राज्यभर दिवे आणि यंत्रे एकदम सुरू होतात आणि वारंवारता ५० हर्ट्झच्या खाली घसरू लागते, तेव्हा सावरायला असे संच हवेत. टर्बाइनचे पाणी कमी-जास्त करणारा गव्हर्नर किती वेगाने हलला तर वारंवारता सावरेल आणि किती घाई केली तर ती डोलू लागेल, हे लाप्लास रूपांतर या गणिती पद्धतीने आधी मांडता येते.

साखर कारखान्यांत हाच विषय लहान प्रमाणात पाहता येतो. उसाचा चोथा जाळून वाफ, वाफेवर टर्बाइन, टर्बाइनवर जनित्र आणि उरलेली वीज ग्रिडला. जनित्र ग्रिडला जोडण्याआधी चार गोष्टी जुळाव्या लागतात : व्होल्टेज, वारंवारता, फेजचा क्रम आणि फेजचा कोन. कोन चुकवून ब्रेकर दाबला तर जनित्राच्या दंडाला जबर हिसका बसतो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग दिव्यांच्या साहाय्याने करतात. तीन दिवे एकदम विझले की स्विच दाबायचा. गळीत हंगामात तोच प्रकार मेगावॅटच्या जनित्रावर चाललेला असतो, आणि तिथे नेऊन आणलेली मुले तो प्रयोग जन्मात विसरत नाहीत.

इचलकरंजीचे यंत्रमाग याहून वेगळे काही शिकवतात. जुन्या साध्या मागाला लहानशी मोटार पुरे. धोटाविरहित रेपिअर आणि एअरजेट मागांवर सेन्सर, सर्वो मोटारी आणि नियंत्रक असतात. सूत तुटल्याचे कळून माग क्षणात थांबतो. असा माग बंद पडला की त्याचे कार्ड दुरुस्तीला बाहेरगावी पाठवावे लागणे हे मालकाला परवडत नाही. या वस्त्रनगरीला इलेक्ट्रॉनिक्सच्या पदवीधरांची गरज आहे. या भागातल्या मुलांनी पुण्याच्या गाडीत बसण्याआधी ती ओळखावी.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी आणखी एक धडा दिला. पंचगंगेचे पाणी उपकेंद्रांत आणि डीप्यांत शिरले, हजारो घरे अंधारात गेली, आणि पुराच्या पाण्यातून जाऊन वीज कर्मचाऱ्यांनी पुरवठा पूर्ववत केला. उपकेंद्राचा चौथरा किती उंच हवा, दुसऱ्या बाजूने पुरवठा फिरवायची सोय कुठे हवी, ओले झालेले ट्रान्सफॉर्मर पुन्हा चालू करण्याआधी कोणत्या चाचण्या घ्यायच्या, हे प्रश्न अंतिम वर्षाच्या प्रकल्पाला अगदी योग्य आहेत. तयार किट आणून दिवे लुकलुकवणाऱ्या प्रकल्पांपेक्षा असा एक अभ्यास जिल्ह्याच्या कितीतरी अधिक उपयोगाचा.

खर्चाच्या बाजूने पाहता, राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या पात्र विद्यार्थ्यांना शिकवणी शुल्काची सवलत मिळते. २०२४-२५ पासून याच उत्पन्नमर्यादेतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. ज्या शहरात शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे जातीजातींची वसतिगृहे उभी केली, त्या शहरातल्या मुलींना ही सवलत फार मोलाची आहे. इलेक्ट्रिकलला मुलींनी जाऊ नये, खांबावर चढावे लागते, असे अजूनही घरोघरी सांगितले जाते. वीजप्रणालीचे नियोजन, संरक्षणाची गणिते, रिलेची चाचणी, ड्राइव्हची रचना ही कामे खांबावर चढून होत नाहीत.

पदवीनंतरच्या वाटा अनेक आहेत. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले आणि ६ जून २००५ रोजी त्याचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या अस्तित्वात आल्या. तिथल्या अभियंत्यांच्या जागा, केंद्राची अभियांत्रिकी सेवा परीक्षा, आणि गेट देऊन एम.टेक. किंवा सार्वजनिक उपक्रम असे पर्याय दोन्ही शाखांना खुले असतात. ईएनटीसीची बरीच मुले सॉफ्टवेअरमध्ये जातात. त्यात गैर काही नाही. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे विजय भटकर यांचे पदवीचे शिक्षण नागपूरला विद्युत शाखेतच झाले होते, आणि त्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार केला. विद्युतप्रवाहाचे गणित पक्के असलेला माणूस संगणकाच्या कामात कमी पडत नाही. उलट बाजूने येणे मात्र कठीण जाते.

ज्याला इथेच राहून धंदा करायचा आहे, त्याच्यासाठी विद्युत कंत्राटदाराचा परवाना हा पहिला टप्पा असतो. पदवी आणि ठरावीक अनुभव दाखवून विद्युत निरीक्षक यंत्रणेच्या अनुज्ञापक मंडळाकडून पर्यवेक्षकाचा दाखला आणि परवाना मिळतो, आणि मग कारखान्यांची उपकेंद्रे, पॅनेल आणि केबलची कामे अधिकृतपणे घेता येतात. त्यासोबत एक क्लॅम्प मीटर आणि हार्मोनिक्स मोजणारे विश्लेषक यंत्र घेतले, तर ऊर्जा लेखापरीक्षणाचे काम सुरू करता येते. शिरोली ते कागल या पट्ट्यात अशी तपासणी हवी असलेल्या भट्ट्या, कॉम्प्रेसर आणि पंप यांची कमी नाही.